कंपनी विकली गेली, पाटी बदलली: पहिल्या तीन महिन्यांत काय करावे
बेळगाव भागातल्या कामगार-कर्मचाऱ्यांसाठी

उद्यमबाग असो, मच्छे असो की होनगा, गेटवरची पाटी बदलते तेव्हा आत फारसे काही हललेले दिसत नाही. तेच मशीन, तोच मिस्त्री, चहाची तीच वेळ. म्हणून बहुतेक जण निर्धास्त राहतात. खरा बदल दीड-दोन महिन्यांनी जाणवायला लागतो. आधी हजेरीचे यंत्र येते, मग उचल बंद होते. मग कळते की रजा मागायला ज्यांच्याकडे जायचो त्यांच्या हातात आता काहीच नाही.

आपल्याकडच्या मालकी कारखान्यांत निम्मे व्यवहार तोंडी चालत आले आहेत. दिवाळीला किती मिळणार, रात्रपाळीचा भत्ता कुणाला, मुलीच्या लग्नाला किती उचल मिळणार, हे सगळे शब्दावर ठरते आणि शब्द पाळलाही जातो. विकत घेणाऱ्या कंपनीला यातले काहीच माहीत नसते. तिच्या हिशेबी जे कागदावर नाही ते नव्हतेच. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतले मोठे काम एकच आहे: जे तोंडी होते ते, ते माहीत असणारी माणसे अजून कारखान्यात आहेत तोवर, लेखी करून घ्या. पुढचे टप्पे त्यासाठीच आहेत.

१. आधी कळू द्या, नेमके विकले काय?

‘कंपनी विकली’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि तुमचे हक्क त्यावर ठरतात.

शेअर विकले: कंपनी तीच राहते, तिचे मालक बदलतात. आपल्याकडचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण इंडालचे, म्हणजे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचे. २००० साली हिंडाल्कोने इंडालचे बहुसंख्य शेअर घेतले, पण इंडाल ही कंपनी लगेच संपली नाही. जुनी माणसे आजही इंडालच म्हणतात. अशा वेळी तुमचा मालक कायद्याने बदललेलाच नसतो, त्यामुळे जुने नेमणूकपत्र तसेच चालू राहते. नवे पत्र पुढे आले तर ते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

धंदा विकला: जुन्या कंपनीने कारखाना, मशिनरी, ऑर्डरी आणि माणसे दुसऱ्या कंपनीला दिली. इथे मालक खरोखर बदलतो. सर्वांत जास्त सावध राहायचे ते इथे.

विलीनीकरण: दोन कंपन्यांची एक होते. न्यायाधिकरणाच्या किंवा सरकारच्या मंजुरीने योजना ठरते आणि नोकरांचे काय होणार हे त्या योजनेतच लिहिलेले असते. बँकांचे असेच होते. १ मे २०२५ ला कर्नाटक विकास ग्रामीण बँक आणि कर्नाटक ग्रामीण बँक एक झाल्या, तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळी वाटाघाट करावी लागली नाही. योजनेची प्रत मात्र मिळवा आणि नोकरांबद्दलचे कलम स्वतः वाचा.

भाडेपट्टा: सहकारी साखर कारखाना खासगी कंपनीला काही हंगामांसाठी चालवायला दिला जातो. मालकी संस्थेकडेच राहते. जुनी थकबाकी कुणी द्यायची, हंगामी कामगारांना पुढच्या गळिताला बोलावणे कुणाचे काम, हे भाडेकरारात असते. करारातला तेवढा भाग युनियनमार्फत मागून घ्या.

ओळखायची सोपी खूण तुमच्याच कागदांवर असते. पगारपत्रकावरचा पीएफचा आस्थापना कोड आणि फॉर्म १६ वरचा (पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्यावरचा) टॅन नंबर, म्हणजे कर कापणाऱ्या मालकाचा क्रमांक, तोच असेल तर बहुधा फक्त शेअर विकले गेले आहेत. दोन्ही बदलले असतील तर मालक बदलला. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव घातले की संचालक कोण, हेही दिसते.

२. नव्या पत्रावर सही करण्याआधी

एका मालकाकडचा नोकर दुसऱ्या मालकाकडे त्याला न विचारता पाठवता येत नाही. जुना मालक, नवा मालक आणि नोकर, तिघांची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ साली एका बिडी कारखान्याच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. निपाणी परिसरातल्या बिडी कामगारांनी तरी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कारखाना हस्तांतरित झाला तर कामगाराला भरपाई कधी मिळते, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५ एफएफ कलमात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता लागू झाल्या आणि ती तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आली. गाभा तोच आहे. नव्या मालकाने तीन गोष्टी मान्य केल्या तर भरपाई नाही: नोकरीत खंड पडणार नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नसतील, आणि पुढे कामगारकपात झाली तर भरपाई जुन्या मालकाकडची वर्षे धरून देणार. यातली एक जरी गोष्ट नसेल तर कपातीला मिळते तशी, म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी, भरपाई जुन्या मालकाने द्यायची.

म्हणून पत्रात हा आशय शब्दांत हवा: ‘आपली जुन्या आस्थापनेतील … तारखेपासूनची सेवा अखंड धरली जाईल आणि ग्रॅच्युइटी, रजा, ज्येष्ठता व कपात-भरपाई यांसाठी मोजली जाईल.’ नुसते ‘आपल्या अनुभवाचा विचार केला जाईल’ असे असेल तर ते पुरेसे नाही. अनुभव आणि सेवा यांत फरक आहे.

लोक फसतात ते या जागी:

राजीनामा. ‘फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांनी दिलाय’ असे सांगून छापील राजीनामा पुढे केला जातो. तो दिला की सेवा तुमच्या हाताने तुटते आणि वरच्या भरपाईच्या तरतुदीचा आधार दुबळा होतो. राजीनाम्याऐवजी तिघांच्या सहीचे बदलीपत्र मागा.

प्रोबेशन. बारा वर्षे काम केलेल्या माणसाच्या पत्रात सहा महिन्यांचे प्रोबेशन असते, कारण पत्राचा नमुना नव्या भरतीचा असतो. बहुतेक वेळा ही चूक असते, डाव नसतो. पण दाखवून दिल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही.

मुदतीची नेमणूक. कायम कामगाराच्या पत्रात ‘तीन वर्षांसाठी’ असे असेल तर सही थांबवा आणि युनियनला दाखवा.

बदलीचे कलम. ‘कंपनीच्या कोणत्याही शाखेत’ असे असते. बेळगावहून कागल किंवा गोकुळ शिरगावला पाठवले तर राज्य बदलते. पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) केंद्राचे असल्याने तेच राहतात, पण किमान वेतन आणि व्यवसाय कर महाराष्ट्राचा लागतो. घरभाडे आणि येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, हे आताच विचारा.

नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाणार नाही, असे कलमही असते. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. ड्रॉइंग, दर, गिऱ्हाइकांच्या याद्या बाहेर न देण्याची अट मात्र टिकते, आणि ती पाळायलाच हवी.

पत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि नीट वाचता येत नसेल तर एक दिवस मागून घ्या आणि घरी नेऊन वाचून घ्या. तिथेच सही करावी लागली तर सहीच्या वर ‘मजकूर मराठीत समजावून सांगितल्यावर सही’ असे लिहा, खाली तारीख घाला. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच दिवशी घ्या.

३. ही फाईल हस्तांतरणाआधी तयार हवी

जुन्या ऑफिसातला हिशेबनीस गेला की जुने रेकॉर्ड शोधून देणारे कुणी उरत नाही. म्हणून हे आधीच गोळा करा:

– नेमणूकपत्र, कायम केल्याचे पत्र, प्रत्येक पगारवाढीचे पत्र
– शेवटच्या बारा महिन्यांची पगारपत्रके, आणि पगार जमा झालेले बँक पासबुक
– हस्तांतरणाच्या दिवशी शिल्लक असलेल्या रजेचा सहीचा दाखला
– उचल आणि कर्जाच्या बाकीचा सहीचा दाखला
– युनियनचा शेवटचा वेतन करार
– पीएफचे पासबुक, ग्रॅच्युइटी आणि पीएफचे नामनिर्देशन
– ईएसआयचे ई-पेहचान कार्ड
– प्रशिक्षणाची, वेल्डिंग किंवा क्रेनसारख्या कामाची प्रमाणपत्रे
– मिळालेले इशारापत्र किंवा मेमो असेल तर तोही, आणि त्यावरचे तुमचे उत्तर

नेमणूकपत्र मिळालेलेच नसेल, आणि असे आपल्याकडे पुष्कळांचे असते, तर पीएफचा सेवा-इतिहास हा सर्वांत भक्कम पुरावा. पोर्टलवरून त्याची प्रत काढून ठेवा.

नावाचे एक वेगळेच दुखणे आपल्या भागात आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाआधी आद्याक्षरे असतात, आधारवर वडिलांचे पूर्ण नाव असते, पॅनवर आडनाव आधी येते. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एक अक्षर बदलते. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरे. नव्या कंपनीची कागद-पडताळणी करणारी माणसे बाहेरगावची असतात. त्यांना हा फरक संशयास्पद वाटतो. आधार, पॅन, पीएफ आणि बँक या चार ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. पीएफमधली दुरुस्ती मालकाच्या संमतीने करावी लागली तर जुन्या मालकाचे ऑफिस चालू असतानाच करून टाका.

४. पीएफ, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी

पीएफचा कोड बदलला तर यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) तोच राहतो, फक्त नवा सदस्य क्रमांक मिळतो. तीन गोष्टी तपासा. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली का? ती आणि नवी रुजू तारीख यांच्यात एका दिवसाचाही खड्डा किंवा आच्छादन नाही ना? आणि मागच्या एखाद्या महिन्याचा भरणा राहिला नाही ना? भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायचा असतो. राहिला असेल तर पैसे बुडत नाहीत. हस्तांतरण होईपर्यंतच्या पीएफ थकबाकीला कायद्याने जुना आणि नवा, दोन्ही मालक जबाबदार असतात. पण तक्रार तुम्हाला करावी लागते. जुन्या मालकाने तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

पैसे काढू नका, बदली करा. नोकरी बदलल्याचे निमित्त करून पीएफ काढून देणारे एजंट या काळात गेटवर घिरट्या घालतात. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. त्याहून मोठे नुकसान पेन्शनचे: पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचा भाग काढून घेतला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

ईएसआयचा विमा क्रमांक आयुष्यभर एकच. नव्या कंपनीने नवा क्रमांक काढला तर अशोकनगरच्या ईएसआय इस्पितळात तुमचे जुने रेकॉर्ड सापडत नाही, आणि आजारपणाच्या भत्त्याला लागणारे सहामाहीतले ७८ दिवसांचे योगदान दोन क्रमांकांत विभागले जाते. रुजू होतानाच जुना क्रमांक द्या. मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये आहे. नव्या रचनेत पगार त्यावर गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च अखेरपर्यंत, तुमचे संरक्षण चालू राहते. त्या मुदतीत कुटुंबाच्या आरोग्य विम्याची सोय करून घ्या.

ग्रॅच्युइटीचे आकडे डोळ्यांसमोर हवेत. सूत्र असे: शेवटचे वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. सहा महिन्यांहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. समजा वेतन १८,२०० आणि सेवा १४ वर्षे ७ महिने. १८,२०० ला २६ ने भागले तर ७००. पंधराने गुणले तर १०,५००. पंधरा वर्षांचे १,५७,५०० रुपये.

‘हे आताच घ्या आणि नव्याने सुरू करा’ असा पर्याय आला तर? सेवा अखंड ठेवून दहा वर्षांनी वेतन ३१,२०० झाले, तर एका वर्षाचे १८,००० होतात आणि पंचवीस वर्षांचे ४,५०,०००. तोडून घेतले तर १,५७,५०० आणि नंतरचे १,८०,०००, मिळून ३,३७,५००. आता घेतलेल्या रकमेला हात न लावता दहा वर्षे व्याजाने ठेवली तर हा फरक भरून निघू शकतो, हे खरे आहे. पण सेवा तुटली की ज्येष्ठता जाते, आणि कपात करताना सर्वांत शेवटी आलेल्याला आधी काढण्याचा नियम आहे. चौदा वर्षांचा माणूस त्या यादीत कालच्या पोराच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून सेवा अखंड ठेवणेच शहाणपणाचे.

कर्नाटकात २०२४ पासून मालकांना ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा आहे. नव्या कंपनीने तुमची जुनी वर्षे त्या विम्यात धरली आहेत का, हे लेखी विचारा.

५. पहिला नवा पगार

पहिले पगारपत्रक मिळाले की जुने शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावून बघा. एकूण आकडा तोच दिसतो, आतली वाटणी बदललेली असते. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. त्याने पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पाया वाढतो, हातात येणारी रक्कम मात्र थोडी घटू शकते. ही घट नुकसान नव्हे. रात्रपाळीचा भत्ता, कँटीनची सवलत किंवा धुलाई भत्ता गायब झाला असेल तर ते नुकसान.

वर्षाच्या मधोमध मालक बदलला तर जुन्या मालकाकडचे उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाही तर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि जुलैत विवरणपत्र भरताना अचानक मोठा कर निघतो.

बोनस किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के. एप्रिलपासून हस्तांतरणापर्यंतच्या महिन्यांचा बोनस कोण देणार, हे गणपतीच्या आधीच विचारून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर विचारले की दोन्ही ऑफिसे एकमेकांकडे बोट दाखवतात.

६. हजेरी, पाळी आणि उचल

रोजच्या जगण्यात बदल सर्वांत आधी इथे टोचतो.

फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव नग घासून साफ करायला) ग्राइंडर धरणाऱ्यांच्या आणि मोल्डिंगला दिवसभर वाळूत हात घालणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्राला अंगठा ओळखता येत नाही. तीनदा लावायचा, शर्टाला पुसून चौथ्यांदा लावायचा, मागे रांग तुंबते, आणि गेटमध्ये ७.५५ ला आलेल्या माणसाची हजेरी ८.०६ ला लागते. अशा तीन नोंदी झाल्या की अर्धा दिवस कापला जातो. उपाय नोंदणीच्याच दिवशी करायचा. दोन्ही हातांची किमान दोन-दोन बोटे नोंदवा, त्यांत कमी झिजलेली, बहुधा अनामिका आणि करंगळी, घ्यायला सांगा. तरीही जमत नसेल तर चेहऱ्याचे यंत्र किंवा कार्ड मागा. पंच चुकला तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. महिनाअखेरीला कुणी ऐकत नाही.

पाळीची वेळ आठवरून सातवर आणायची टूम नवी कंपनी हमखास काढते. खानापूर, चंदगड, कित्तूरकडून येणाऱ्यांची पहिली गाडी त्या वेळेला पोचते का, याचा कुणी विचार केलेला नसतो. नुसते ‘जमणार नाही’ म्हणू नका. गावाचे नाव, तिथून येणाऱ्यांची संख्या, पहिल्या बसची वेळ, गेटवर पोचायची वेळ, असा एक पानी तक्ता करून द्या. आकडे दिसले की गाडीची सोय किंवा अर्ध्या तासाची सवलत मिळते. शिवाय कामाचे तास, पाळी, रजा, भत्ते किंवा चालत आलेली सवलत बदलायची तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

उचलीचे दुखणे मोठे आहे. शाळा उघडताना पाच हजार, गणपतीला तीन हजार, हिशेब मालकाच्या टेबलाच्या खणातल्या वहीत. नव्या कंपनीत ती वही चालत नाही. दोन संकटे एकदम येतात. वहीतली बाकी आणि तुमच्या डोक्यातली बाकी जुळत नाही, आणि जी निघते ती पहिल्याच पगारातून एकरकमी कापली जाते. म्हणून हस्तांतरणाआधी बाकीच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या हव्यात आणि खाली हप्ता किती, तेही हवे. पगारातून एकूण कपात निम्म्याहून जास्त करता येत नाही. पुढे अडचणीला उचल मिळणार नाही हे धरून चाला. कामगारांची पतसंस्था नसेल तर ती सुरू करायला हीच वेळ योग्य. सावकाराच्या दारात जायची पाळी नेमकी या पहिल्या वर्षातच येते.

७. कुणाला विचारायचे, कसे कळवायचे

मालक शॉपमध्ये फेरी मारायला आले की ‘मालक, दोन दिवस गावाकडे जाऊन येतो’ म्हणायचे आणि त्यांनी मान हलवली की झाले, ही पद्धत संपली. रजा प्रणालीत टाकायची आणि तुमचा वरिष्ठ म्हणून जे नाव तिथे आहे त्यांनीच ती मंजूर करायची. ते नाव चुकीचे पडले असेल तर अर्ज भलत्याच माणसाकडे जाऊन पडून राहतो. पहिल्या आठवड्यात आपल्या नावापुढे कुणाचे नाव आहे ते बघून घ्या.

कळवायची भाषाही बदलते. ‘साहेब, मशीनने त्रास दिला’ यातून लांब बसलेल्या माणसाला काही कळत नाही. असे लिहा: ‘१२ तारीख, दुसरी पाळी, लाईन २. कूलंट पंप बंद पडल्याने १ तास ४० मिनिटे काम थांबले. देखभाल विभागाला ४.१० ला कळवले. १४२ पैकी ९६ नग झाले. उरलेले उद्या पहिल्या पाळीत होतील.’ काय झाले, किती वेळ, कुणाला कळवले, पुढे काय: एवढे चार भाग पुरतात. इंग्रजी मोडके असले तरी चालते, आकडे नेमके हवेत.

रिजेक्शनबद्दल एक. पूर्वी खराब निघालेली कास्टिंग रात्री पुन्हा भट्टीत जायची आणि वहीत दिसायची नाहीत. नवी कंपनी प्रत्येक खराब नग हीट नंबरसह (नग कुठल्या वेळच्या भट्टीतला, त्या क्रमांकासह) लाल पेटीत मागते. पहिले दोन महिने आकडा फुगलेला दिसतो आणि पोटात गोळा येतो. लपवू नका. लपवलेला नग गिऱ्हाइकाकडून परत आला तर हीट नंबरवरून पाळी आणि माणूस सापडतो, आणि मग तो खोटेपणा ठरतो. नगासोबत कारण लिहिले की, वाळू ओली होती, कोअर (साच्यातला आतला गाभा) हलला, रस (वितळलेला धातू) थंड होता, पुढच्या बैठकीत तेच कारण तुमची बाजू मांडते.

जुन्या सेटरच्या आणि मिस्त्रीच्या खिशातली छोटी डायरी, कुठल्या नगाला किती ऑफसेट, कुठल्या पॅटर्नला कुठे वायू काढायचा, ही कारखान्याची खरी दौलत असते. नवी कंपनी ती प्रणालीत भरायला मागते. दिली तर आपली किंमत जाईल, अशी भीती वाटणे रास्त आहे. तरी द्यावी, फक्त तयार होणाऱ्या कार्यसूचनेवर ‘तयार करणार’ या रकान्यात तुमचे नाव आहे याची खात्री करून मगच. नाव असलेला माणूस पुढच्या प्रशिक्षणाला शिकवणारा म्हणून उभा राहतो.

८. भाषेचा प्रश्न

नव्या कंपनीच्या सूचना इंग्रजीत येतात, सरकारी कागद कन्नडमध्ये असतात, बैठक हिंदीत चालते आणि भट्टीपाशी मराठी. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातले कामाचे आणि शिस्तीचे लेखी नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायचे, हा १९४६ च्या कायद्यापासूनचा नियम आहे. तुमच्या शॉपमध्ये मराठी वाचणारे जास्त असतील तर मराठी प्रत मागा, आणि ती सुरक्षेचा मुद्दा म्हणून मागा. ओलसर भंगार इंडक्शन भट्टीत गेले की पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला रस उसळतो. भंगार कोरडे करूनच टाकायचे, ही सूचना रस ओतणाऱ्याला वाचता येत नसेल तर भिंतीवर लावून उपयोग काय? असे मांडले की कुठलाही प्लांट हेड नाही म्हणत नाही.

सोबत कामापुरते कन्नड वाचायला शिका. श्रम खात्यात त्याचा रोज उपयोग होतो.

९. सण आणि सुट्ट्या

कर्नाटकात १९६३ च्या कायद्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या पाच सुट्ट्या ठरलेल्या, आणि पाच सणांच्या. हे पाच सण कुठले, इथेच चर्चेला वाव आहे. नवी कंपनी आपल्या मुख्यालयाची यादी पाठवते. त्यात अनंत चतुर्दशी नसते, आणि बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे तिथे कुणाला ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी निम्मी पाळी रिकामी राहिली की ‘इथले लोक शिस्तीचे नाहीत’ असा शिक्का बसतो. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचेही तेच. पुढच्या वर्षाची यादी ठरण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, मागच्या तीन वर्षांत या दिवशी किती जण गैरहजर होते ते आकडे देऊन बदली सुट्टी मागा: ती सुट्टी द्या, त्याबदल्यात अमुक रविवारी काम करतो.

१०. वर्षाचे मूल्यमापन

चार-पाच उद्दिष्टे लिहून दिली जातात. प्रत्येकाला एकच प्रश्न लावा: हे माझ्या हातात आहे का? ‘रिजेक्शन २ टक्क्यांखाली’ असे असेल तर कुठले रिजेक्शन, वाळूचे की मशिनिंगचे, आणि टक्का कशाचा, ओतलेल्या नगांचा की पाठवलेल्या, हे तिथेच लिहून घ्या.

११. बिनसले तर

आधी वरिष्ठ, मग मनुष्यबळ विभाग, दोन्हीकडे लेखी. वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवीच. तिच्याकडे वर्षाच्या आत जायचे आणि तिने ३० दिवसांत निकाल द्यायचा. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. मालक बदलल्यावर जुनी समिती कागदावरच राहते, म्हणून नव्या समितीची नावे फलकावर लावून घ्या. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे.

नोकरीवरून काढले किंवा सेवा अखंड धरली नाही, तर सहायक श्रम आयुक्तांकडे अर्ज करता येतो. काढून टाकल्याच्या तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, पण तोवर थांबू नका. काढल्यास किंवा राजीनामा दिल्यास देणे असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. पर्यवेक्षक म्हणून महिना १८,००० हून जास्त मिळत असेल तर तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही. मग आधार नेमणूकपत्राचा, म्हणून अशा पर्यवेक्षकांनी दुसऱ्या टप्प्यातली वाक्ये दुप्पट बारकाईने बघावीत. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी आपला ठेकेदार तोच राहिला की बदलला ते विचारावे आणि पीएफ भरल्याच्या चलनाची प्रत मागावी. ठेकेदाराने पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

अर्ज एका पानाचा करा: रुजू तारीख, हस्तांतरणाची तारीख, काय बदलले, काय मागता. कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या, सोबत तिसऱ्या टप्प्यातल्या फाईलच्या झेरॉक्स लावा, मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. दोन प्रती न्या. एक तिथे द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.